मौजे जळगव्हाण येथील उडत्या गोट्यांबाबतचे धोरण

प्रास्ताविक

मौजे जळगव्हाण येथील मनकर्णाबाईच्या घरावर रोज दुपारी, चुलीवर चहा चढायच्या सुमारास, आकाशातून गोटा पडतो, ही बाब कुणीही नाकारलेली नव्हती. मतभेद एवढाच होता, की तो येतो कुठून.

मनकर्णाबाईच्या मते तो गिट्टी खदानीतून येत होता. तिचं घर गावाच्या शेवटाला. घरामागं जानरावची तूर, तुरीमागं नाला आणि नाल्यापलीकडं मोतीरामभाऊंची खदान. आधी तिकडून धडाम असा आवाज येई, मग मांडणीवरची भांडी थरथरत, मग छपराच्या टिनावर गोटा येई. हा क्रम कधी चुकला नाही. बडनेऱ्याला गाड्यांची वेळ चुकते, गोट्याची चुकत नसे.

मोतीरामभाऊंचं मत वेगळं होतं. वस्तीजवळ सुरुंगाचा बार उडवायचा नाही असा नियम आहे, आणि आपण तो उडवत नाही असं प्रतिज्ञापत्र त्यांनी सही-शिक्क्यानिशी दिलेलं होतं. त्यांच्या खदानीत दगड सुटतो तो सबलीनं आणि प्रेमानं. एवढा मोठा माणूस लिहून देतो म्हटल्यावर ग्रामपंचायतीनं मधला मार्ग काढला. गोटा पडतो हे मान्य; बार उडतो हे अमान्य.

टिनाला भोक पडलं तेव्हा मनकर्णाबाई गोटा पदरात बांधून तहसिलीत गेली.

"काय आणलं?" साहेबांनी विचारलं.

"गोटा."

"कशाला?"

"पुरावा म्हनून."

साहेबांनी गोटा हातात घेतला, फिरवून पाहिला. "बाई, हा गोटा आहे. बार कुठंय?"

"बार उडून गेला नं, साहेब."

"तेच म्हणतो मी. उडून गेलेल्या गोष्टीची नोंद कशी घेणार? बार उडाला असं एखाद्या सरकारी यंत्रानं सांगितलं तर बघू."

तक्रार त्यांनी परत केली. गोटा ठेवून घेतला. पंख्याखाली कागद फार उडत होते.

एरवी मनकर्णाबाईनं हेही सोसलं असतं. नवरा गेल्यापासून तिनं काय काय सोसलं होतं, त्यात एक गोटा. पण तिची लेक आकांक्षा अकोल्याला दिलेली होती आणि तिला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी. ही रीत मनकर्णाबाईच्या घराण्यात कुणी मोडली नव्हती, दुष्काळातही नाही. आणि आता अकोल्याहून विहीणबाईंचा फोन आला.

"मनकर्णाबाई, तुमच्या घरी वरून गोटे पडते म्हनते. आमी पोरीले इथंच ठेवतो. अकोल्यात उन्ह हाय, पन वरून काई पडत नाई."

"पयलं बाळतपन मायेरी असते, विहीनबाई. रीत हाय."

"रीत मले नका सांगू," विहीणबाई म्हणाल्या. "छत सांगा."


यंत्राबाबत

गावाच्या दुसऱ्या टोकाला, गायरानात, कंपन केंद्र होतं. अर्धी खोली जमिनीखाली, हत्तीनं पाठ घासावी अशा जाड भिंती, वर सिमेंटचा स्लॅब आणि आत एक यंत्र. जमिनीच्या पोटाला लावलेला कानच तो. केंद्राचा अधिकारी किशोर मूळचा अकोल्याचा, राहायला अमरावतीला, आणि दिवसभर जळगव्हाणात त्या कानाशेजारी बसून.

मनकर्णाबाई तिथं गेली ती डब्यात वांग्याची भाजी घेऊन. सरकारी माणसाकडं रिकाम्या हातानं जाऊ नये, आणि भरल्या हातानं गेलं तर त्याला लाच म्हणतात. भाजी मधे बसते.

"या यंत्रात काय दिसते, बापू?"

किशोरला हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. तो खुलला. त्यानं सांगितलं, की जगातल्या देशांनी अणुबॉम्बच्या चाचण्या बंद करायचा करार केला आहे. पण कुणी चोरून, जमिनीखाली, गुपचूप केलीच, तर तिचा हादरा दगडादगडातून चालत इथवर येतो आणि पडद्यावरची ही रेघ उडी मारते.

"म्हंजे सात समिंदरापल्याड बार उडाला, त तुमाले जळगव्हानात समजते?"

"समजतं," किशोर म्हणाला, छाती जराशी पुढं काढून.

"आन् नाल्यापल्याडचा?"

छाती मागं गेली. "तोही समजतो. पण आम्ही समजून घेत नाही."

"काहून?"

"चाळणी लावलेली असते, मावशी. जवळचे हादरे वगळले जातात. ट्रॅक्टर, आटाचक्की, लग्नातला डीजे, मोतीरामभाऊ. या सगळ्याला आमच्याकडं 'स्थानिक गोंगाट' म्हणतात."

"चाळनी आमच्या घरी बी हाय. आमी पीठ ठेवतो, कोंडा फेकतो. तुमी काय फेकता?"

"आम्ही जवळचं फेकतो. लांबचं ठेवतो."

"मंग ह्ये यंत्र नाई, बापू. ह्ये त आमदार झालं."

किशोर हसला, आणि सरकारी खोलीत हसलो म्हणून लगेच गंभीर झाला. मनकर्णाबाईनं डबा पुढं सरकवला.

"या कराराले आपल्या देशाची सही हाय का?"

"सही नाही. पण आपण स्वतःहून चाचण्या थांबवल्यात."

"म्हंजे सही नाई, पन पाळता."

"हो."

"आन् मोतीरामची सही हाय, पन तो पाळत नाई. तुमी दोघं एकडाव भेटा बरं."

एवढ्यात चहाची वेळ झाली. धडाम झालं. पडद्यावरची रेघ ताडकन उठली, क्षणभर थरथरली आणि चाळणीनं पुसून टाकली. जणू काही झालंच नाही.

"ह्ये काय होतं?"

"गोंगाट."

"गोंगाट नोहे, बापू. माहं टीन होतं ते."

किशोरची आई अकोल्याला होती आणि तिच्या डोक्यावर स्लॅब होता. त्याला लाज वाटली. सरकारी नोकरीत लाज हा संसर्गजन्य रोग मानला जातो आणि तो बहुधा पहिल्या काही महिन्यांत बरा होतो. किशोरचा बरा व्हायचा राहून गेला होता. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेला त्यानं चाळणी काढली, आलेला हादरा जसाच्या तसा पकडला आणि दिल्लीला पाठवला. स्थळ: मौजे जळगव्हाण. प्रकार: स्फोट. कारण या रकान्यात 'खदान' लिहावं, तर मोतीरामभाऊंचं प्रतिज्ञापत्र आडवं येत होतं. सरकारी कागद सरकारी कागदाला खोटं पाडू शकत नाही. म्हणून त्यानं लिहिलं: अज्ञात.

ज्या देशानं स्वतःहून चाचण्या थांबवल्या आहेत, त्या देशाच्या पोटात अज्ञात स्फोट! दिल्ली ताठ उठून बसली. समिती नेमली.


समितीच्या बैठकीचे इतिवृत्त (उतारा)

स्थळ: जिल्हा परिषद शाळा, जळगव्हाण. उपस्थिती: अध्यक्ष, भूगर्भ विभागाचे सदस्य, हवाई संरक्षण विभागाचे सदस्य, श्री. किशोर, खदानमालक श्री. मोतीराम, ग्रामस्थ.

अध्यक्ष: आपण स्फोट करता का?

श्री. मोतीराम: नाई, साहेब.

अध्यक्ष: मग जो हादरा नोंदला गेला, तो?

श्री. मोतीराम: तो शांततेसाठी होता.

अध्यक्ष: म्हणजे केला?

श्री. मोतीराम: नाई केला. पन केला असता, त शांततेसाठीच केला असता.

(सदस्यांनी एकमेकांकडं पाहिलं. ही भूमिका त्यांना ओळखीची आणि सुसंस्कृत वाटली.)

भूगर्भ सदस्य: जमीन हादरते, हा आमचा विषय. दगड उडतो, तो आमचा नाही.

हवाई सदस्य: दगड हवेत असेपर्यंत आमचा. जमीन तुमची.

अध्यक्ष: आणि सुरुंग?

(सुरुंग जमीन आणि हवा यांच्या मधोमध येत असल्यानं तो कुणाच्याच विभागात येत नाही, असं निदर्शनास आलं. चहा देण्यात आला.)

(या ठिकाणी श्रीमती मनकर्णाबाई यांचं म्हणणं होतं. ते स्थानिक गोंगाट म्हणून वगळण्यात आलं आहे.)

ठराव: अमुक एका तीव्रतेच्या आतला स्फोट हा स्फोट समजण्यात येऊ नये. श्री. मोतीराम यांनी देशहितासाठी ही मर्यादा आनंदानं मान्य केली. टाळ्या.


मर्यादेचे पालन

मोतीरामभाऊ शब्दाचे पक्के निघाले. मोठा बार त्यांनी दुसऱ्या दिवसापासून बंद केला आणि त्याचे तुकडे करून लहान लहान बार लावले, प्रत्येक मर्यादेच्या आत. आधी एक गोटा चहाला येत असे. आता एक चहाला, एक अंगण झाडताना, एक गाईचं दूध काढताना आणि एक असाच, आठवण म्हणून. मनकर्णाबाई घरात डोक्यावर परात धरून वावरू लागली.

किशोरच्या यंत्रात मात्र सगळं शांत. महिन्याच्या अहवालात त्याला लिहावं लागलं: स्फोट, निरंक. दिल्लीहून जळगव्हाणच्या नावानं अभिनंदनाचं पत्र आलं आणि ते ग्रामपंचायतीत काचेत लावलं गेलं.

"मले सांग," मनकर्णाबाई किशोरला म्हणाली, "बार नाई, त माह्या घरी काय प्रसाद पडून राह्यला?"

"मावशी, हादऱ्याचा विषय संपला. आता तुम्ही हवेतून या. हवाई संरक्षणवाल्या साहेबांकडं जा."

ते साहेब वाटच पाहत होते. आयुष्यभर त्यांनी शत्रूचं क्षेपणास्त्र हवेतच कसं फोडावं याचा अभ्यास केला होता; निवृत्ती जवळ आली तरी शत्रू काही फिरकला नव्हता. मनकर्णाबाईनं गोटा टेबलावर ठेवला, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी तरळलं.

"रोज येतो?"

"दिवसातून चार-चारदा."

"वा!" साहेब म्हणाले, आणि सावरून, "म्हणजे, अरेरे."

मनकर्णाबाईनं आपलं साधं म्हणणं मांडलं: "साहेब, तो मोतीराम थांबवा, गोटा आपोआप थांबते."

"बाई, ते राजकारण झालं. आम्ही संरक्षणवाले. गोटा निघाल्यानंतर आमचं काम सुरू होतं."


उडता गोटा संरक्षण धोरण: व्याख्या

'गोटा' म्हणजे जो हवेत आहे तो. टिनावर पडल्यानंतर त्यास गोटा म्हणू नये; तो गौण खनिज होय आणि महसूल विभागाचा विषय होय. (यानुसार घरात विनापरवाना गौण खनिजाचा साठा केल्याबद्दल मनकर्णाबाईला नोटीस आली. ती तिनं भोकाखाली लावली. पाऊस नव्हता, पण ऊन येत होतं.)

'शत्रू' म्हणजे जो कुणी असेल तो. नाव घेऊ नये.

'संरक्षण' म्हणजे गोटा न पडणे असे नव्हे. गोटा पडू नये यासाठी तयारी आहे, हे दिसणे म्हणजे संरक्षण.


अवरोधक दलाची उभारणी

आता गोटा हवेतल्या हवेत फोडायचा, तर काहीतरी फेकून मारायला हवं. यंत्रं महाग. पण वऱ्हाडाच्या मातीत उत्तर आहेच, असं साहेबांना कुणीतरी सांगितलं: गोफण. पूर्वी जवारी पेरत, तेव्हा पाखरं राखायला माणूस मचाणावर उभा राही आणि गोफणीतून दगड भिरकावी. जवारी गेली, सोयाबीन आलं. सोयाबीन पाखरं खात नाहीत, म्हणून मचाणं चुलीत गेली आणि गोफणी खुंटीला. गावात गोफणीचा हात असलेला एकच उरला होता, मनकर्णाबाईचा शेजारी जानराव.

जानरावनं आधी प्रामाणिकपणे सांगून पाहिलं. "साहेब, गोफन पाखरासाठी असते. दगड लागाव लागत नाई, नुसता आवाज झाला तरी पाखरू भेते. गोटा काहाले भेईन?"

"तुमचं पद असेल अवरोधक, श्रेणी दोन," साहेब म्हणाले. "गणवेश मिळेल. बुटासह."

जानरावनं पायातल्या फाटक्या चपलेकडं पाहिलं.

"ट्रेनिंग देल्लं," तो म्हणाला, "त गोटा बी भेईन."

मनकर्णाबाई कुंपणातून ओरडली, "जानरावभाऊ, कालपावतर तुमी म्हनत होते, मोतीरामच्या कानाखाली वाजवली पायजे!"

"वयनी, तवा मी सादा मानूस होतो. आता मी धोरनात हाओ."

चाचणी ठरली. खऱ्या गोट्यावर घ्यावी, तर मोतीरामभाऊ बार उडवतच नव्हते; जो बार नाही, त्याला वेळ कशी विचारणार? म्हणून लक्ष्य म्हणून भोपळ्याएवढा दगड निवडला, तो नीट दिसावा म्हणून लाल रंगवला आणि तो शाळेच्या छतावरून टाकायचं काम किशोरकडं आलं. जानराव नव्या बुटात मचाणावर उभा. बूट चावत होते.

"टाकतो हं, जानरावकाका!" किशोर ओरडला.

पहिला दगड जानरावकडून चुकला. वारा होता, म्हणून तो मोजायचा नाही असं ठरलं. दुसऱ्या वेळी गोफणीचा दगड सरपंचांच्या मोटारसायकलच्या आरशाला लागला. अवरोध झाला, फक्त लक्ष्य वेगळं होतं. म्हणून तोही मोजायचा नाही. तिसऱ्या वेळी लाल दगड बाभळीच्या फांदीला दोरीनं टांगला आणि दोन जणांनी तो हलू नये म्हणून धरला. जानरावनं गोफण फिरवली. ठण्ण!

अहवालात लिहिलं: मोजलेल्या चाचण्यांपैकी सर्व यशस्वी.

यशस्वी चाचणीची बातमी ऐकून सर्वांत जास्त आनंद मोतीरामभाऊंना झाला. ते स्वतः हार घेऊन आले.

"आता तुमाले संरक्षन हाय," ते मनकर्णाबाईला म्हणाले. "आजवर मी भेऊन भेऊन लहान बार... म्हंजे, लावतच नव्हतो. पन आता काहाची भीती?"

त्यांनी मर्यादा वाढवून मागितली. संरक्षण असलेल्या गावाला लहान मर्यादा कशाला, हा युक्तिवाद समितीला बिनतोड वाटला. मर्यादा वाढली, बार वाढले, गोटे मोठे झाले. गोटे मोठे झाले म्हणून अवरोधक वाढवले, एकाचे पाच. अवरोधक पाच झाले म्हणून मोतीरामभाऊंची भीती आणखी कमी झाली. आणि पाच गोफणींतून सुटलेले दगडही शेवटी कुठंतरी पडायलाच हवेत. ते जिथं पडत, तिथं टीन होतं.

"पयले एकट्या मोतीरामचे गोटे खात होती," मनकर्णाबाई परातीखालून म्हणाली. "आता सरकारचे बी."


निवारा

दरम्यान आकांक्षाचे दिवस भरले. अमरावतीच्या दवाखान्यात तिला मुलगा झाला, दोघंही धडधाकट. दवाखान्यातून सुट्टी मिळायच्या आदल्या दिवशी अकोल्याहून फोन वाजला. विहीणबाईंनी नमस्कार-चमत्कार केला नाही.

"छत?" त्यांनी विचारलं.

मनकर्णाबाईनं वर पाहिलं. वर आभाळ दिसत होतं, तुकड्यातुकड्यांनी. "उद्या सांगतो," म्हणत तिनं फोन ठेवला आणि थेट कंपन केंद्र गाठलं. या खेपेस डबा नव्हता. ती पायरीवर बसली. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच गप्प बसली होती, आणि किशोरला ते सहन होईना.

त्यानं धोरणाची प्रत काढली. शेवटचं कलम निवाऱ्याचं होतं. संरक्षण धोरणात निवारा असावाच लागतो. त्याशिवाय धोरण मंजूर होत नाही. पुढं 'ठिकाण' असा रिकामा रकाना. सगळ्या गावात गोट्याला दाद देणार नाही असं एकच छत होतं, आणि किशोर त्याच्याच खाली बसला होता.

"मावशी," तो म्हणाला, "बाळंतिणीला इथं आणा."

त्यानं रकान्यात 'कंपन केंद्र, आतली खोली' लिहून पाठवलं. रिकामा रकाना भरला म्हणून दिल्लीनं त्याच दिवशी मंजुरी दिली.

मनकर्णाबाईनं फोन लावला तो स्पीकरवर, चार बायका ऐकतील असा. "विहीनबाई, छत इचारत होत्या नं? अशा छताखाली कलेक्टर बी झोपत नसन!"

ते दिवस सुखाचे गेले. भिंती जाड, आत गारवा, गोट्याचा आवाज दूर कुठंतरी, दुसऱ्याच्या घरचा असावा तसा. एका कोपऱ्यात यंत्र, एका कोपऱ्यात खाट, शेगडीवर डिंकाचे लाडू. किशोर बाहेरच्या खोलीत सरकला आणि आत येताना खोकू लागला. स्लॅबला एक लोखंडी कडी होती, यंत्र उचलायला बसवलेली. मनकर्णाबाईनं तिला पाळणा बांधला. लुगड्याची दोरी केली, हातात धरली आणि पहिला झोका दिला.

आजीचा हात तो. एका लयीत, न थकता, न चुकता.

झोक्याची थरथर स्लॅबमधून भिंतीत गेली, भिंतीची जमिनीत, जमिनीची यंत्रात. यंत्रानं ती चाळणीला विचारली. चाळणीत ट्रॅक्टर होता, आटाचक्की होती, डीजे होता, मोतीरामभाऊ होते. पाळणा नव्हता. आजवर जगातल्या एकाही अशा यंत्राशेजारी बाळ झोपवलं गेलेलं नव्हतं.

दिल्लीच्या पडद्यावर चार शब्द उमटले. नियमित. मानवनिर्मित. हेतुपुरस्सर. भूमिगत.


आदेश

विषय: मौजे जळगव्हाण येथील भूमिगत हालचाल तात्काळ थांबविणेबाबत.

उपरोक्त विषयी कळविण्यात येते, की आपण दिलेल्या खुलाशावरून आपल्या केंद्रात पाळणा हलविण्यात येत असल्याचे निश्चित झाले आहे. सदर हालचालीमुळे देशाच्या चाचणीबंदीविषयक प्रतिमेस बाधा पोहोचते. तरी आदेश मिळताच पाळणा स्थिर करण्यात यावा व स्थिर केल्याचा अनुपालन अहवाल आजच सादर करण्यात यावा. बाळाच्या वयाची सबब विचारात घेतली जाणार नाही.


अंमलबजावणी

तहसिलीतून बार शोधायला कधी कुणी आलं नव्हतं. पाळणा थांबवायला जीप आली. सरपंच आले, पाच अवरोधक गणवेशात आले, आणि सर्वांत पुढं, चेहऱ्यावर चिंता घेऊन, मोतीरामभाऊ.

"वयनी, देशाचा प्रश्न हाय," ते म्हणाले. "पाळना थांबवा."

"आन् तुमचे बार?"

"ते मर्यादेत हाय नं."

"जानरावभाऊ, तुमी तरी बोला कायतरी!"

जानरावनं बुटाकडं पाहिलं. "वयनी, मांडीवर घ्या त्याले. मांडी धोरनात येत नाई."

मनकर्णाबाईनं झोका थांबवला नाही. तहसिलीच्या माणसानं पाळण्याची दोरी तिच्या हातातून सोडवली. हळूच, कारण तोही कुणाचा तरी नातू होता. पाळणा दोनदा आपोआप हलला, मग स्थिर झाला. किशोरनं अनुपालन अहवाल लिहिला आणि लिहिताना वर पाहिलं नाही. जगात चाचणीबंदीची इतकी तडकाफडकी अंमलबजावणी याआधी झालेली नव्हती.

बाळ रडू लागलं. आकांक्षानं घेतलं, आजीनं घेतलं, खांद्यावर, मांडीवर. त्याला पाळणाच हवा होता. अकोल्याहून फोन आला. विहीणबाईंनी रडणं ऐकलं आणि सांगितलं, आठ दिवसानं गाडी पाठवतो, माय-लेकरू इकळे आना.

पण त्याच संध्याकाळी कुणीतरी स्थिर पाळणा आणि रडणारं बाळ मोबाईलवर टिपून सोडून दिलं, आणि मग जे व्हायचं ते झालं. राज्य हळहळलं. अमरावतीत पाळणा मोर्चा निघाला. अकोल्यात वकिलांनी काळ्या फिती लावल्या. पुण्याहून एका सद्गृहस्थांनी आवाज न करणारा, हादरा न देणारा, परदेशी बनावटीचा पाळणा पाठवला आणि सोबत स्वतःचा फोटो. दूरदर्शनच्या पडद्यावर लोक ओरडून ओरडून बाळाच्या झोपेविषयी बोलले. ज्यांनी आयुष्यात कधी दोरी हातात धरली नव्हती, असे पुरुष माइकसमोर गहिवरले. अखेर दिल्लीनं माघार घेतली. विशेष बाब म्हणून पाळण्याला चाळणीत जागा देण्यात आली, मोतीरामभाऊंच्या खालोखाल.

विहीणबाईंची गाडी आली ती रिकामी परत गेली. स्वतः विहीणबाई मात्र उतरल्या आणि राहिल्या. पाळण्याला पुन्हा झोका द्यायचा समारंभ बघायचा होता.

समारंभ मोठा झाला. कंपन केंद्राला झेंडूच्या माळा. समितीचे अध्यक्ष आले, हवाईवाले साहेब आले, कॅमेरे आले, मोतीरामभाऊंनी मांडव दिला. पाहुण्यांनी दोरी हातात घेतली आणि झोका दिला. पाळणा हलला. पडद्यावर रेघ सरळ राहिली. बाळानं पापण्या मिटल्या. सगळ्यांच्या छातीतून एकदम श्वास सुटला. मनकर्णाबाईच्या डोळ्यांतही पाणी आलं, नाही कशाला म्हणायचं.

आणि तेव्हाच नाल्यापलीकडं बार उडाला. मोठा. भिंत गुरगुरली, लाडवांचा डबा सरकला, मांडवाच्या कापडावर काहीतरी टपटपलं. सगळ्यांनी श्वास रोखून पाळण्यात पाहिलं.

बाळ उठलं नाही.

"किती समजूतदार!" अध्यक्ष कुजबुजले. फोटो निघाला. बायकांनी कानशिलावर बोटं मोडून दृष्ट काढली.

"पाळन्याचं झालं," मनकर्णाबाई म्हणाली. तिनं आवाज चढवला नव्हता. बाळ झोपलं होतं. "आन् खदानीचं?"

सगळे तिच्याकडं वळले. रागानं नाही. रागावण्यासारखं त्यात कुणाला काही वाटलंच नव्हतं. त्यांना नुकतंच बरं वाटलं होतं, अगदी मनापासून, दोन ओळींपूर्वी तुम्हाला वाटलं होतं तसंच. आणि आता तुम्ही हे जसं वाचताय, तसंच त्यांनी तिच्याकडं पाहिलं: चांगलं संपत आलं होतं की सगळं, ही बाई मधेच काय घेऊन बसली.